शकू, तिले सांग

गुणवंतरावांनी पहिला घास तोंडात घातला, जरा थांबले आणि सुनेला हाक मारली.

"शकू, तिले सांग, भाजी आजबी खारट हाये."

शकू ओसरीवरून आत गेली. मधल्या खोलीत धानाच्या बांबूच्या ढोल्या पार आढ्याला टेकल्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढत ती मागच्या स्वयंपाकघरात पोचली, चुलीपुढे बसलेल्या सासूशी काहीतरी बोलली आणि परत आली.

"मामाजी, आत्याबाई म्हनते, उद्यापासून ध्यान ठेवीन. आन तुमाले खोकला हाये त थंड पानी पिऊ नका म्हनते."

गुणवंतरावांनी पाण्याचा लोटा बाजूला सारला आणि खारट भाजी मुकाट्याने संपवली.

शेजारच्या पानावर त्यांचा पुतण्या पत्रू बसला होता. त्याचा घास हातातच राहिला. नागपूरहून निघाल्यापासून तो ज्याच्या शोधात होता ते त्याला काकाच्या घरी पहिल्याच जेवणात सापडलं होतं.

पत्रू नागपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकत होता. सन १९५४ मध्ये चामोर्शीत कोणाला हे सांगितलं की समोरचा माणूस आधी आदराने आणि मग काळजीने त्याच्याकडे बघायचा. त्याचे प्राध्यापक डबीर विलायतेहून एक नवी विद्या घेऊन आले होते. तिचं नाव त्यांनी 'समुपदेशन' असं ठेवलं होतं, आणि समुपदेशनात उपदेश अजिबात करायचा नसतो हे विद्यार्थ्यांना पटवण्यात त्यांचे सुरुवातीचे महिने खर्ची पडले होते. माणसाला बोलू द्यावं. आपण ऐकावं. त्याचंच वाक्य त्याला परत ऐकवावं आणि मधून मधून 'तेव्हा तुम्हाला काय वाटलं?' असं विचारावं. ऐकलेलं मात्र दुसऱ्या कोणाला सांगू नये. नाताळच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या माणसांमधलं एखादं दुखावलेलं मन शोधून त्यावर हा प्रयोग करावा आणि त्याचा वृत्तांत लिहून आणावा, असं त्यांनी सांगितलं होतं.

पत्रूचे वडील चांद्याला शाळामास्तर होते. पण त्यांच्या घरात सगळे एकमेकांशी नीट बोलत असल्यामुळे तिथे पत्रूचं काम होण्यासारखं नव्हतं. म्हणून तो चामोर्शीला काकाकडे आला होता.

जेवण झाल्यावर त्याने चुलतभावाला, म्हणजे शकूच्या नवऱ्याला, नथ्थूला बाजूला घेतलं.

"काका-काकी एकमेकायशी बोलत नाई का गा?"

"नाई."

"कधीपासून?"

"माह्या लगनाच्या आधीपासून. तवा मी निरोप नेऊन देत होतो. आता शकू नेते. तिले चांगलं जमते." नथ्थूने या शिकलेल्या चुलतभावाच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला आणि तो सावध झाला. "हे पाय पत्रू, घर चांगलं चालून राह्यलं. त्याले हात नको लावू."

"मी काईच करत नाई," पत्रू म्हणाला. "मी फक्त ऐकतो."

दुसऱ्या दिवशी तो काकांबरोबर खळ्यावर गेला. धानाच्या पेंढ्यांवर बैल गोल फिरत होते आणि गुणवंतराव मेढीला टेकून त्यांच्याकडे बघत होते. पत्रूने सुरुवात पुस्तकातल्याप्रमाणे केली.

"काकाजी, काकींशी अबोला सुरू झाला त्या वेळी आपल्या मनात कोणती भावना उत्पन्न झाली?"

"कोनाच्या मनात? बैलायच्या?"

पत्रूने पुस्तक सोडलं. "काकीशी बोलनं बंद झालं तवा तुमाले काय वाटलं?"

गुणवंतरावांनी बैलांच्या चार-दोन फेऱ्या होऊ दिल्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. महाशिवरात्रीला दोघं रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसून मार्कंड्याच्या जत्रेला गेले होते. परतताना अंधार पडला. त्यांनी बैल जुंपले. मागे घोंगडीखाली बायको झोपली आहे असं धरून ते निघाले. आदल्याच आठवड्यात ते सासुरवाडीच्या माणसांना वाट्टेल तसं बोलले होते, आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. समोर रस्ता आणि पाठीमागे बायको असल्यामुळे बोलायला धीर आला. गावापर्यंत त्यांनी सगळी चूक कबूल केली, माफीसुद्धा मागितली. घरी येऊन घोंगडी उचलली तर खाली मुरमुऱ्यांचं पोतं होतं.

"म्हनजे तुमी माफी मागतली, पन ते पोत्यानं ऐकली," पत्रूने नियमाप्रमाणे त्यांचं वाक्य परत ऐकवलं.

"हो ना. ते दुसऱ्या दिवशी आली, गावच्या लोकायच्या गाडीत बसून. मी म्हटलं, आता भांडन. भांडली असती त बरं झालं असतं. एक शब्द बोलली नाई. मंग मीबी नाई बोललो. पन ते माफी मी मागून बसलो होतो ना गा! दुसऱ्या बार कशी मागाची?"

काकीचं, म्हणजे भागीरथाबाईंचं, म्हणणं पत्रूने दुपारी ऐकलं. त्या मागच्या अंगणात सुपात लाखोरीची डाळ निवडत होत्या.

"तू कायचा डॉक्टर होनार हायेस म्हने?"

"डॉक्टर नाई, काकी. समुपदेशक."

"उपदेश करत असशील मंग."

"नाई. उपदेश करत नाई."

"औषध देतेस?"

"नाई."

"मंग कॉलेजात जाऊन शिकतेस काय गा?" त्यांना खरोखरच वाईट वाटलं. बहुधा त्या कणवेपोटीच त्या बोलत्या झाल्या. नवरा विसरून गेला याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. त्याचं डोकं त्यांना ठाऊक होतं. पण त्या देवळाच्या पायरीवर बसून राहिल्या. घरी गेल्यावर ध्यानात येईल आणि घ्यायला येईल, असं त्यांना वाटलं. रात्र गेली, सकाळ झाली. तो आला नाही.

"तवापासून मी म्हटलं, याले माही गरज नाई." त्यांनी सूप पाखडलं. "लिहून नको घेऊस हे."

पत्रूला दोन्ही कहाण्या एकमेकींना जोडून दाखवण्याची अनावर इच्छा झाली. पण ऐकलेलं सांगता येत नव्हतं. यातून मार्ग एकच होता: दोघांना समोरासमोर बसवायचं. शकू घरात असेपर्यंत ते शक्य नव्हतं, म्हणून त्याने आठवडी बाजाराचा दिवस निवडला. शकू टोपली घेऊन बाहेर पडली तशी त्याने मधल्या खोलीत, ढोल्यांच्या मधोमध, दोन पाट मांडले. काकांना आपल्याला बरं वाटत नाही असं सांगितलं आणि काकींनाही तेच. दोघं दोन दारांनी घाबऱ्याघाबऱ्या आत आले आणि एकमेकांसमोर उभे राहिले.

"बसा," पत्रू म्हणाला.

ते बसले, पण एकमेकांकडे खांदा करून. एक उंदीर ढोलीमागून निघाला, तिघांकडे बघून परत गेला. शेवटी गुणवंतराव म्हणाले, "पत्रू, तिले सांग—"

"मी नाई सांगत, काकाजी. तुमीच सांगा."

"काय सांगू?"

"मार्कंड्याचं."

गुणवंतरावांनी छपराकडे बघितलं आणि छपरालाच सांगितलं, "मी आलो होतो वापस."

भागीरथाबाईंनी मान वळवली. "कुठी?"

"मार्कंड्याले. त्याच रात्री. बैल थकले होते, तसेच जुपले. वाटेत एक बैल बसला त बसलाच. उजाडल्यावर पोचलो. एक जन म्हने, ते बाई चामोर्शीवाल्यायच्या गाडीत गेली. मी नदीकाठानं गेलो, तू सडकेनं आली."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलं काऊन नाई?"

मग भागीरथाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि गुणवंतरावांनी खोकून घेतलं. प्राध्यापक डबीर या क्षणी इथे हवे होते, असं पत्रूला वाटलं. आपलं काम झालं, आता उठावं, असंही वाटलं. तो उठला असता तर पुढचं टळलं असतं असं नाही, पण निदान ते त्याच्यासमोर घडलं नसतं.

"तुमी बोलत नोयते," भागीरथाबाई पदराआडून म्हणाल्या, "पन माह्या भाजीचं रोज नाव काढत होते. मले तेवढ्यातच समाधान होतं."

"कोनतं नाव?"

"चांगली झाली म्हनून. चव अशीच राहू द्या म्हनून."

गुणवंतराव गोंधळले. "मी त रोज खारट हाये म्हनतो."

"आन मी तशीच करत आली! मंग खाल्ली काऊन?"

"तू उद्या ध्यान ठेवीन म्हनत होती ना. आन माह्या खोकल्याची चौकशी करत होती, त मी म्हटलं, मनाची चांगली हाये, मीठ जास्त पडते त पडू दे."

"तुमाले खोकला हाये?" भागीरथाबाईंनी विचारलं.

पत्रू बसल्या जागी थोडा मागे सरकला.

"बरं ते जाऊ दे," गुणवंतराव म्हणाले. बोलता बोलता त्यांचा स्वर उतरत गेला. "लटारूची सोयरीक तरी तुह्या मनासारखी केली ना मी? शकूची बहीन पाहिजे म्हनून तू तीन दिवस जेवली नोयती."

लटारू हा त्यांचा धाकटा मुलगा. घोट गावच्या इसरूजींची थोरली मुलगी शकू या घरात आली होती आणि आता धाकटी, आशा, लटारूसाठी ठरत होती. बुधवारी इसरूजी चार माणसं घेऊन सुपारी फोडायला येणार होते.

"मी?" भागीरथाबाई म्हणाल्या. "मी त नवीन धानाचे पोहे जास्त खाऊन पडली होती! मले शकूनं सांगतलं का तुमी घोटवाल्यायले जबान देऊन बसले, आता नाई म्हटलं त तुमची मान खाली जाते."

"मी कोनाले जबान देली नाई!"

"मीबी काई मागतलं नाई!"

दोघं एकमेकांकडे पूर्ण वळले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

शकू बाजारातून परतली तेव्हा सासू-सासरे ओसरीवर शेजारी शेजारी बसलेले होते. ते दृश्य पाहिल्याबरोबर, टोपली डोक्यावरून उतरवायच्या आधीच, तिला सगळं कळलं. ती रडली नाही, पाया पडली नाही. टोपली खाली ठेवून तिने वांगी वेगळी काढली.

"तू आमच्याशी खोटं बोलत राह्यली?" गुणवंतरावांनी विचारलं.

"मंग काय करू? तुमी म्हनत होते, तिले सांग, मसनात जा. आत्याबाई म्हनत होती, त्याले सांग, तुमी आधी जा, मी मांगून येतो. हेच इकून तिकडं नेलं असतं त या घरात मले पानी तरी गोड लागलं असतं का?"

"आन आशाचं?" भागीरथाबाई म्हणाल्या. "ते कोनी सांगतलं होतं?"

शकूने एक वांगं हातात घेऊन नीट पाहिलं. "ते थोडंसं माह्या मनचं होतं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून शकूने तोंड मिटलं. ती सगळी कामं करत होती, पण कोणाशीही बोलत नव्हती. घरातला अबोला फक्त एकाकडून दुसऱ्याकडे गेला. सासू-सासरे मात्र आता मधे कोणी नसल्यामुळे थेट बोलू लागले आणि साचलेलं सगळं त्यांनी बाहेर काढलं. कोणत्या सालचं बियाणं कोणामुळे सडलं, कोणत्या लग्नात कोणाचा अपमान झाला, तंबाखूची डबी कोणी लपवली, यावर सकाळी तोंड धुण्याआधी सुरुवात व्हायची. गुणवंतरावांचा आवाज मुळात खळ्यावरचा होता, भागीरथाबाईंनी आपला वर्षानुवर्षं जपून ठेवलेला होता. शेजारणी कुंपणाशी उभ्या राहून ऐकू लागल्या. धान मळायला आलेली माणसं बैल सोडून घराच्या दिशेने कान करून बसली. नथ्थूने गोधडी उचलली आणि खळ्यावर झोपायला गेला, जाताना तो पत्रूला फक्त एवढंच म्हणाला, "तू ऐकनार होता ना? ऐक आता."

पत्रूने शकूवरही आपली विद्या चालवून पाहिली. ती अंगण सारवत होती.

"वैनी, तुमाले काय वाटून राह्यलं?"

शकूने तेवढ्यापुरतं मौन सोडलं. "मले वाटून राह्यलं का तुमची सुट्टी कधी सरते."

एकीकडे भांडत असतानाच गुणवंतराव आणि भागीरथाबाईंनी सोयरीक मोडायचं पक्कं केलं. आता घोटला जाऊन हे सांगायचं कोणी? नथ्थूची ती सासुरवाडी. गुणवंतराव गेले तर मारामारी व्हायची.

"पत्रू जाईल," भागीरथाबाई म्हणाल्या.

"मी?"

"मंग कोन? हे सारं तुह्यापासूनच सुरू झालं. जाऊन सरळ सांग: आमाले ही सोयरीक मान्य नाई, बुधवारी येऊ नका. येवढंच."

सकाळी पत्रू सायकलच्या चाकात हवा भरत होता तेव्हा लटारू आला आणि त्याने न बोलता पंप हातात घेतला. लटारू हा अंगाने दांडगा, बोलायला कमी. त्याच्या लग्नाबद्दल घरात इतकी माणसं इतकं बोलली होती की त्याला कोणी काही विचारायचं राहूनच गेलं होतं. पत्रूने केवळ सवयीने विचारलं, "तुले काय वाटते गा लटारू?"

लटारूने पंप ठेवला. तो खाली बसला आणि एका दमात बोलला. मागच्या साली घोटला दंडारीचा खेळ बघायला गेला होता. तिथे आशा होती. खेळ सकाळपर्यंत चालला, पण त्यात काय दाखवलं ते त्याला सांगता येत नव्हतं. घरी येऊन तो शकूवहिनीच्या पायाशी बसला आणि म्हणाला, काहीही कर. वहिनीने केलं.

"मंग हे तू काकाजीले सांग ना!"

"बाबूले?" लटारूच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजपावतर मी बाबूले बैल मारका हाये येवढंबी सांगतलं नाई. तू कोनाले नको सांगू पत्रू. तुमच्यात सांगत नाईत ना?"

"नाई," पत्रू म्हणाला. आमच्यात सांगत नाहीत ही गोष्ट त्याला त्या सकाळी प्रथमच जड वाटली.

घोटचा रस्ता जंगलातून जात होता. पत्रूने निरोप पाठ करायला सुरुवात केली. 'आम्हाला ही सोयरीक मान्य नाही' हे वाक्य त्याने सायकलवरून मोठ्याने निरनिराळ्या पद्धतींनी म्हणून पाहिलं: आधी खेदाने, मग ठामपणे, मग केवळ माहिती म्हणून. मोळी घेऊन समोरून येणारी एक बाई ते ऐकून रस्ता सोडून सागाच्या झाडामागे जाऊन उभी राहिली.

इसरूजींच्या अंगणात नवं सारवण झालं होतं. खाटेवर कोरं धोतर आणि नारळ काढून ठेवले होते. इसरूजी उंचेपुरे, पिळदार मिशांचे. त्यांनी पत्रूला दोन्ही हातांनी धरून खाटेवर बसवलं.

"या बापा! नागपूरवाले तुमीच ना? आशा, पानी आन वं." मग मिशीवर हात फिरवत, "माह्या शकूचा सासरा म्हनजे देवमानूस. शकू नेहमी निरोप धाडते, मामाजी तुमची आठवन काढते म्हनते. बोला, काय निरोप हाये?"

गुणवंतरावांनी या माणसाची आठवण कधी कोणत्या शब्दांत काढली असेल याचा पत्रूला अंदाज होता. त्याने दाराकडे पाहिलं. पाण्याचा लोटा घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली होती आणि निरोप ऐकायला श्वास रोखून उभी होती. पत्रूने तोंड उघडलं. वाक्य पाठ होतं.

"काकाजी म्हनते," त्याने सांगितलं, "बुधवारी जरा लवकर या. जेवाले तिथीच या."

परतीच्या वाटेवर त्याने सायकल दोनदा थांबवली आणि घोटकडे वळून पाहिलं. दोन्ही वेळा तो चामोर्शीकडेच निघाला. ओसरीवर दोघं त्याची वाट बघत होते.

"काय म्हने तो?"

"येतो म्हने."

"येतो? मोडली म्हनून सांगतल्यावर येतो?"

"तोंडावर बोलाचं म्हने," पत्रू म्हणाला आणि स्वतःच्या आवाजातला सहजपणा ऐकून घाबरला.

म्हणजे आता इसरूजी भांडायला येणार. या बातमीने घरात चमत्कार झाला. गुणवंतराव आणि भागीरथाबाईंनी आपसातलं भांडण ताबडतोब थांबवलं, कारण आता एक व्हायला हवं होतं. दोघं तासन् तास शेजारी बसून इसरूजींना द्यायची उत्तरं ठरवू लागले.

"तो म्हनेल, माह्या पोरीत काय खोट हाये?"

"मंग तुमी म्हना, खोट पोरीत नाई, न इचारता ठरवलं त्याच्यात हाये."

"वा! हे तू म्हन. तुह्या तोंडून चांगलं वाटते."

भागीरथाबाई लाजल्या. त्या दिवशी भाजीत मीठ बेताचं पडलं, आणि गुणवंतरावांनी ती अळणी झाल्याचं स्वतः, थेट, हळू आवाजात सांगितलं. लटारू गोठ्यात बसून राहिला. पत्रूने सामान बांधून ठेवलं.

बुधवारी सकाळी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. उत्तरं तयार ठेवून दोघं ओसरीवर उभे राहिले. बैलांच्या शिंगांना रंगीत गोंडे होते. इसरूजी उतरले ते कोऱ्या धोतरात, आणि त्यांनी गुणवंतरावांना कडकडून मिठीच मारली.

"भाऊ, सोयरे लय पाह्यले, पन जेवाले लवकर या म्हनून मानूस धाडनारा सोयरा नाई पाह्यला! बुगडी मोडून खर्च करीन, पन लगन तुमाले शोभन असंच करून देईन."

गुणवंतरावांचे हात हवेत तसेच राहिले. त्यांनी इसरूजींच्या खांद्यावरून बायकोकडे पाहिलं. बायको त्यांच्याकडे बघत होती. पाहुणे बैल सोडत असताना दोघं दाराआड झाले. तिथे आधीच लपलेल्या पत्रूला, इच्छा नसताना, सगळं ऐकू आलं.

"तुह्या मनात इतलं होतं त मले सांगाचं ना," गुणवंतराव पुटपुटले. "मांगून निरोप तूच धाडला ना?"

"मी नाई धाडला. तुमीच धाडला असन." भागीरथाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "इसरूजीचं तुमाले वाईट वाटलं ना? तुमी वरूनच कडक हायेत, मले ठाऊक हाये."

गुणवंतरावांनी तोंड उघडलं. आपण कडक असून आतून तसे नाही, ही बातमी त्यांच्यापर्यंत बायकोच्या तोंडून प्रथमच आली होती. ती परत करणं त्यांच्या जिवावर आलं.

"आता तू समजलीच हायेस त," ते म्हणाले.

"मलेबी पोरगी काई वाईट वाटत नाई," भागीरथाबाई म्हणाल्या. "शकू! सुपारीचं तबक आन वं!"

शकू तबक घेऊन तिथेच उभी होती. सुपारी, हळद, कुंकू, नारळ, सगळं लावलेलं. पुढे जाताना ती दाराआडच्या पत्रूपाशी क्षणभर थांबली. "लाडू हायेत आतमंधी," ती म्हणाली. "खाऊन घ्या, भाऊजी."

सुपारी फुटली. लटारूला बोलावून आणलं तेव्हा त्याच्या केसांत कडबा होता.

नागपूरला परतल्यावर पत्रूने वृत्तांत लिहिला. तो लिहिताना त्याला बरंच वगळावं लागलं. एक जुना अबोला केवळ ऐकून घेण्याने कसा सुटला, एवढंच त्यात उरलं. प्राध्यापक डबीरांनी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला.

"पाहा," ते म्हणाले. "या विद्यार्थ्याने एक शब्दही आपल्या पदरचा घातला नाही."

तास संपल्यावर त्यांनी पत्रूला थांबवून घेतलं. दार लावलं. टेबलावरचा खडू उचलला, ठेवला, परत उचलला.

"तुमच्याकडे एक... शास्त्रीय स्वरूपाचंच काम आहे," ते म्हणाले. "माझी पत्नी दिवाळीपासून तिच्या भावाकडे आहे. सीताबर्डीला. मी स्वतः गेलो तर त्याचा वेगळा अर्थ होईल. तुम्ही तटस्थ आहात. तिला एवढंच सांगा की झाल्या प्रकारात चूक तिची होती हे तिला मान्य असेल, तर परत येण्यास माझी हरकत नाही. नेमके हेच शब्द."

"नेमके हेच शब्द, सर," पत्रू म्हणाला.

संध्याकाळी त्याने सीताबर्डीच्या त्या घराची कडी वाजवली. डबीरबाईंनी दार उघडलं. हातात विणकाम होतं. पत्रूने नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं.

"काय म्हणतात?" त्यांनी सुयांवरून नजर न काढता विचारलं.

"सर म्हणाले," पत्रूने सांगितलं, "चूक माझी झाली. तुमच्याशिवाय घरात मन लागत नाही."

सुया थांबल्या. बाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"असं म्हणाले? त्यांच्या स्वतःच्या तोंडाने?"

"हो."

"धादांत खोटं बोलतोस," डबीरबाई म्हणाल्या. त्यांनी विणकाम गुंडाळलं. "थांब जरा. मी बॅग भरते."